सत्तेचाळिसाव्या पायरीचा शाप

दगडांची डागडुजी करावी लागते, दंतकथांची लागत नाही. म्हणून डोंगरमाथ्यावरचा जुना किल्ला सांभाळणाऱ्या खात्याने पूर्ण विचारांती दंतकथांवर भर दिला, हे योग्यच झाले.

बुरुजाकडे जाणारी सत्तेचाळिसावी पायरी हलते. चुना निघाल्यामुळे हलते, असे किल्ला दाखवणाऱ्या बाई नऊ वर्षे लेखी कळवत होत्या. (अर्ज सुवाच्य अक्षरात आहेत, अशी नोंद खात्याने घेतली आहे.) त्यांचे यजमान तिथलेच पहारेकरी. त्या पायरीवरून त्यांची दिवसातून चारदा ये-जा, आणि बाईंचा जीव कायम टांगणीला.

दहाव्या अर्जावर समिती आली: एक अभियंता, एक इतिहासतज्ज्ञ आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहणारे तिघे. अभियंत्याने पायरीवर पाय ठेवला, लगबगीने उचलला आणि हा विषय इतिहासाचा आहे असे मत दिले. इतिहासतज्ज्ञ म्हणाले, इथूनच राणीने शाप देऊन उडी घेतली. शापित वस्तू दुरुस्त केल्यास वारशाला बाधा येते. चुन्याचा मुद्दा पुराव्याअभावी बाद झाला. (चुना वाऱ्याने उडून गेला होता.)

पुढच्याच आठवड्यात पहारेकरी पडले. पाय दोन ठिकाणी मोडला. खात्याने तातडीने हालचाल केली आणि संध्याकाळच्या आत तिथे फलक लावला: 'राणीवर जीव जडलेला पहारेकरी येथे कोसळला.'

हे वाक्य बाईंना आता रोज सहा वेळा हसतमुखाने म्हणावे लागते. हसतमुखाने, असे परिपत्रकातच आहे.

"चारशे वर्षांपूर्वी गेलेली बाई, आणि तिच्यापायी तुम्ही पडलात!" त्या घरी फणफणल्या. "लोकांना सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"अगं, मी डबा घेऊन खाली येत होतो," प्लास्टरमधला पाय उशीवर सरकवत पहारेकरी म्हणाले.

"डब्याचं फलकावर काही नाहीये."

शेवटी बाईंनी आपल्या गवंडी भावाला बोलावले. त्याने एका सकाळीत पायरी पक्की केली. नऊ वर्षांत प्रथमच बाई निवांत झोपल्या.

अकरा दिवसांत दोनशे बारा तक्रारी आल्या. 'पायरी हलली नाही, शुद्ध फसवणूक.' 'मुलांचा विरस झाला.' एक गृहस्थ तिच्यावर आठ वेळा उड्या मारून निषेध नोंदवून गेले. बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली आणि भावाला छिन्नी घेऊन पुन्हा यावे लागले. (काम उत्तम झाले. पायरी आता पूर्वीपेक्षा जास्त हलते.)

पहारेकरी सोमवारपासून कामावर रुजू होत आहेत. खालच्या दरवाजावर बदली मागितली होती. पाहुण्यांचा त्यांच्यासोबत फोटोचा आग्रह असल्याने नाकारली.

वाचकहो, तुम्ही हसलात, खात्याला नावेही ठेवलीत. छान केलेत. आता वर याल तेव्हा बाईंना पहिला प्रश्न "ती पायरी कुठली?" असाच विचाराल, म्हणून सूचना: रांग डावीकडून आहे. पहारेकरी कुबडी टेकत उतरत असतील, तर त्यांना हात देऊ नका. तुमच्या हातात मोबाइल असेल.