कंट्रोलरचा लांबलेला उन्हाळा

पेटीची किल्ली सापडत नव्हती, म्हणून त्या वर्षी कंट्रोलरच्या घरातला उन्हाळा काही केल्या संपत नव्हता. बाहेर झाडं निम्मीअर्धी बोडकी झाली होती, सकाळी दूध आणायला निघालेली माणसं तोंडाने वाफा सोडत होती आणि मोटारींच्या काचांवर दव साचत होतं. घरात मात्र उन्हाळा होता आणि त्याचा पुरावा म्हणून डोक्यावर पंखा फिरत होता.

कंट्रोलर हे काही त्याचं नाव नव्हे. तो बस डेपोत कंट्रोलर होता, आणि गेली कित्येक वर्षं इतका मन लावून होता की शेजारीपाजारी त्याला त्याच नावाने ओळखायचे. डेपोत त्याचा एक नियम होता. बस घड्याळावर सुटत नाही, शिट्टीवर सुटते. घड्याळं काय, पुढेमागे होतात; शिट्टी एकदा वाजली की वाजली. "शिट्टी झाली नाही, म्हणजे सुटायची वेळ झाली नाही," असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा आणि ड्रायव्हर मान डोलवायचे. दुसरं करणार काय!

हाच खाक्या त्याने घरी चालवला होता. त्याला निमित्त झालं खिडकीकडच्या खाटेचं. मुली दोन आणि खाटा दोन, पण एक खिडकीला लागून आणि दुसरी आतल्या भिंतीला. खिडकीतून समोरच्या इमारतीतली थोरलीची मैत्रीण दिसायची. हातवारे करून दोघींच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. तेव्हा थोरली म्हणायची, खिडकी माझी. आणि थोरली म्हणते म्हटल्यावर धाकटीही म्हणायची, माझी. रोजची रडारड झाली तेव्हा कंट्रोलरने निकाल दिला: उन्हाळ्यात खिडकी थोरलीची, हिवाळ्यात धाकटीची. पावसाळा त्याने उन्हाळ्यातच जमा धरला, कारण पावसात रजया लागत नाहीत. मग मुली हिवाळा लागला की नाही यावर भांडू लागल्या. त्यावरही निकाल झाला. रजया आणि स्वेटर ठेवलेली पत्र्याची पेटी बाबा उघडतील त्या दिवशी हिवाळा लागला, आणि ती पुन्हा बंद होईल त्या दिवशी संपला. आभाळात काय चाललंय याच्याशी या घराचा संबंध नाही.

पेटीला कुलूप होतं, कारण लपाछपी खेळताना धाकटी एकदा तिच्यात जाऊन बसली होती. आणि किल्ली कंट्रोलरच्या ताब्यात होती, कारण घरात वस्तू न हरवणारा माणूस तो एकटाच. हे अर्थात त्याचंच म्हणणं. बायकोचा चष्मा, मुलींची खोडरबरं, सुईदोरा, काहीही हरवलं की तो जेवता जेवता हात थांबवून व्याख्यान द्यायचा. "वस्तू हरवत नसते. माणसाचं डोकं ठिकाणावर असलं की वस्तू ठिकाणावर राहते. मी आजवर काही हरवलंय? सांगा, हरवलंय?" मुलींना हे तोंडपाठ होतं. धाकटी ते बाहुलीला ऐकवायची.

तर थंडीचा पहिला कडाका पडला तेव्हा कंट्रोलर सगळ्यांच्या आधी उठला, स्टुलावर चढला आणि कपाटावरच्या जुन्या घड्याळाच्या खोक्यात हात घातला. खोक्यात जुनं घड्याळ होतं. किल्ली नव्हती. त्याने खोकं उलटं केलं, हलवलं, नाकाशी धरलं. मग सगळ्या खिशांतून, खणांतून आणि बुटांतून हात फिरवून झाला. किल्ली नाही म्हणजे नाही. त्याचं धाबंच दणाणलं. थंडीचं काही नाही हो, थंडी सोसता येते. पण आता ते व्याख्यान? ते पुन्हा कुठल्या तोंडाने द्यायचं?

"अहो, किल्ली द्या," बायको म्हणाली. ती बालवाडीत शिक्षिका होती आणि सकाळी तिला घाई असायची. "रजया काढते. पोरी काकडल्यात."

"इतक्यात?" कंट्रोलर म्हणाला. "हवेत जरासा गारवा आहे. त्याला काय थंडी म्हणतात?"

"मग काय म्हणतात?"

"गारवा."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. लहान मुलं थापा मारतात तेव्हा बालवाडीत ती अशीच बघायची. पण मागून थोरली एकदम म्हणाली, "बाबांचं बरोबर आहे! मला तर बाई उकडतंय." आणि तिने उठून पंख्याचं बटण दाबलं.

कंट्रोलरचा ऊर भरून आला. एकूण काय, मुलगी असावी तर अशी. किल्ली आज ना उद्या मिळेलच, तोवर उन्हाळा लांबवायचा, असं त्याने ठरवून टाकलं.

पण किल्ली मिळेना आणि थंडी काही थांबायला तयार नव्हती. स्वेटरही पेटीतच. धाकटी एकावर एक फ्रॉक चढवून बसायची, त्यामुळे तिचे हात खाली यायचेच नाहीत आणि घास तोंडात घालण्यासाठी तिला मानच पुढे करावी लागायची. बायकोने आधी टॉवेल गुंडाळला, मग टेबलक्लॉथ, मग एके संध्याकाळी दाराचा पडदा. काही बोलली मात्र नाही. बघू या किती ताणतात, असं तिनेही मनाशी धरलं होतं. कंट्रोलर अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात घरभर फिरायचा, माठातलं पाणी मुद्दाम गटागटा प्यायचा आणि न्हाणीघरात जाऊन दातावर दात आपटायचा.

"बाबा, तुम्हाला थंडी वाजते का?" धाकटी विचारायची.

"छे!"

"मग तुमच्या हातावर ते बारीक बारीक काय आलंय?"

"घामोळं."

थोरली लगेच म्हणायची, "मलापण आलंय."

शेजारच्या काकूंनी हे सगळं उघड्या दारातून पाहिलं आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. त्या दोन जाडजूड ब्लँकेटं घेऊन आल्या. "संकोच करू नका हो. पांघरुणं नसली तर सांगायचं. माणूसच माणसाच्या उपयोगी पडतो."

आता हा तर सरळ घरच्या अब्रूवर हात! कंट्रोलर ताठ झाला. "पांघरुणं पेटीभर आहेत, काकू. पण आम्हाला उकडतं त्याला काय करणार?"

"सगळ्यांनाच?" काकूंनी पडद्यात गुंडाळलेल्या बायकोकडे पाहत विचारलं.

"मला जास्त," कंट्रोलर म्हणाला.

झालं! काकूंनी ब्लँकेटं परत नेली आणि संध्याकाळपर्यंत जिन्याजिन्यात बातमी पोहोचवली, की कंट्रोलरच्या अंगात उष्णता झाली आहे, काहीतरी आतलं दुखणं दिसतंय, सांगत नाहीत बिचारे. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारपूस करायला येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तळपायाला चोळायला गार तेल दिलं. काकू स्वतः रोज पेलाभर बर्फ घातलेलं लिंबू सरबत आणायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत समोर बसून राहायच्या. कंट्रोलर सरबत प्यायचा. पंखा फिरत असायचा. बायको पडद्यातून बघत असायची.

अखेर व्हायचं तेच झालं. त्याला सडकून सर्दी झाली. डेपोत तो फलाटावर उभा होता, शिट्टी नेहमीप्रमाणे दातांत धरलेली, प्रवासी निवांत रांगेने चढत होते. तेवढ्यात त्याच्या नाकात काहीतरी हुळहुळलं. त्याने डोळे मिटले, श्वास कोंडला, पण शिंक कुणाच्या बापाला ऐकते? ती आली ती शिट्टीतूनच. शिट्टी अशी कर्कश वाजली की फलाटावरची कबुतरं उडाली, आणि ड्रायव्हरने गिअर टाकून बस काढली. निम्मे प्रवासी आत, निम्मे बाहेर. एका आजीबाईंची पिशवी आत आणि आजीबाई बाहेर. वर कंट्रोलरला शिंकांची उबळच आली, आणि दर शिंकेला शेजारची एकेक बस सुटत गेली.

मग साहेबांच्या खोलीत ड्रायव्हरांना उभं केलं तेव्हा पहिला ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "साहेब, शिट्टी म्हणजे शिट्टी. ती शिंकेची की फुंकेची हे आम्ही विचारायचं नसतं. यांनीच शिकवलंय."

साहेबांनी कंट्रोलरला घरी पाठवलं. "आधी अंगावर काहीतरी गरम घाला," ते म्हणाले. त्यांना काय माहीत, तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

कंट्रोलर रस्त्याने कुडकुडत निघाला. अंगात चांगलाच ताप होता आणि तापात त्याला शहाणपण सुचलं. बायको बालवाडीत, मुली शाळेत, घर रिकामं. त्याने कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला गाठलं आणि मागच्या जिन्याने घरी आणलं.

किल्लीवाल्याने पेटीसमोर बसकण मारली आणि कुलपाकडे पाहिलं. "किल्ली हरवली वाटतं?"

"हरवली नाही," कंट्रोलर म्हणाला. "दिसत नाही."

"बरं बरं. आमच्याकडे येतात त्यातल्या कुणाचीच हरवलेली नसते," म्हणत त्याने तार काढली आणि कुलपात घातली.

त्याच क्षणी दारात दप्तर आपटल्याचा आवाज आला. थोरलीची शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती. तिने पेटी पाहिली, तार पाहिली, आणि एकदम टाहो फोडला. "नका उघडू! बाबा, नका ना उघडू! हिवाळा लागेल!"

किल्लीवाला गोंधळून म्हणाला, "अगं पोरी, हिवाळा लागून कितीतरी दिवस झाले."

"आमच्याकडे नाही लागला!" थोरली हमसाहमशी रडू लागली. आणि रडता रडता तिने दप्तर उघडलं, कंपासपेटी काढली, आणि कर्कटकाच्या शेजारून किल्ली काढून बाबांसमोर धरली. "मीच घेतली होती. मला खिडकी हवी होती. तुम्ही खोक्यात ठेवलीत तेव्हा मी पाहिलं होतं."

कंट्रोलर बघतच राहिला. रागवायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हरवली नव्हती! आपण हरवली नव्हती! डोकं ठिकाणावर होतं, वस्तूच तेवढी हलली होती. दारात बायको आणि धाकटी आल्या, त्यांच्या मागोमाग सरबताचा पेला घेऊन काकू आल्या, आणि कंट्रोलर किल्ली उंच धरून ओरडला, "बघा! मी हरवली नव्हती! हिने घेतली होती!"

पंखा तेवढा फिरत होता.

"अस्सं," बायको म्हणाली. तिने पडदा नव्हता गुंडाळला तरी खांद्यावरून सावरल्यासारखा हात फिरवला. "म्हणजे इतके दिवस तुम्हाला वाटत होतं की किल्ली तुमच्याच हातून हरवली. आणि ते लपवायला तुम्ही आम्हाला पंख्याखाली बसवलंत."

कंट्रोलरचा हात हळूहळू खाली आला. काकूंनी सरबताचा पेला मुकाट्याने पदराआड नेला. किल्लीवाल्याने तार गुंडाळली आणि तो चपला शोधू लागला.

पेटी उघडली गेली. बायकोने रजया काढून खाटांवर टाकल्या, आणि तेव्हा धाकटीचा चेहरा पडला. फ्रॉकांच्या त्या गठ्ठ्यातून बारीक आवाज आला, "म्हणजे आता मी खिडकीत झोपायचं?"

"अगं, मग? तुझीच आहे ना आता," कंट्रोलर म्हणाला.

"मला नको." आणि तीही रडू लागली. "तिथे फटीतून वारा येतो. कान दुखतात. पहिल्या हिवाळ्यात कळलं, तेव्हापासून मला दरवर्षी नकोच असते."

"मग बोलली का नाहीस?" थोरलीने डोळे पुसत विचारलं. तिला हे भलतंच नवीन होतं.

"बाबांनी पेटी उघडली की जायचं असतं ना," धाकटी म्हणाली. "नियम आहे."

कंट्रोलरने रुमालाने डोळे पुसले. सर्दीमुळे, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. एवढीशी पोर, दर हिवाळ्यात आपण मोठ्या थाटात पेटी उघडायची आणि ही निमूटपणे उशी उचलून गार वाऱ्यात जाऊन झोपायची. त्याला फार वाईट वाटलं, इतकं की डेपोतल्या गोंधळाचंही तेवढं वाटलं नव्हतं.

इकडे थोरलीने थोडा विचार केला. "तुला नको असेल तर मलाही नको," ती म्हणाली. "मी भिंतीकडे."

"भिंत माझी!"

"मी आधी म्हटलं!"

"मी आधी रडले!"

दोघींनी एकदम बाबांकडे पाहिलं. कंट्रोलरने सवयीने छाती पुढे काढली, तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग एक रजई उचलून तो स्वतःच खिडकीकडच्या खाटेवर जाऊन आडवा झाला. फट खरोखरच होती. वारा थेट कानात घुसत होता.

थोड्या वेळाने धाकटी खाटेशी येऊन उभी राहिली. "बाबा, थंडी वाजते का?"

"वाजते गं," कंट्रोलर म्हणाला. "फार वाजते."

"मग हिवाळा लागला?"

"लागला. कधीचाच लागलाय."

"सरका मग," म्हणून धाकटी रजईत शिरली. "तुम्ही फटीकडे व्हा. मी आतून." ती शिरलेली पाहून थोरलीला कसं राहवणार? तीही आली, दुसऱ्या बाजूने कोपर मारत. कंट्रोलर फटीला चिकटला.

भिंतीकडची खाट रिकामी पडली होती. बायकोने पंखा बंद केला, उरलेल्या सगळ्या रजया त्या खाटेवर ओढल्या आणि ती आत शिरून कानापर्यंत गुडुप झाली.