उंचीची अट

मी भित्रा नाही. मला फक्त उंच, जोरात, उलटं आणि अचानक या चार गोष्टी चालत नाहीत. बाकी कुठल्याही प्रसंगाला मी छातीठोकपणे सामोरा जातो (प्रसंग आधी लेखी कळवला असेल तर).

आता अडचण अशी, की आमच्या गावाबाहेरच्या थीम पार्कात 'महाझेप' नावाची एक राइड आहे आणि तिच्यात या चारही गोष्टी एक मिनिट चाळीस सेकंदांत बसवलेल्या आहेत. आणि आमच्या मुंगीला तिच्यात बसायचं होतं. माझ्याबरोबर.

मुंगी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं आठ. लहानखुरी आहे म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा त्या पार्कात गेलो, तेव्हा महाझेपेच्या दारात एक लाकडी जिराफ उभा होता आणि त्याच्या मानेवर लिहिलं होतं, 'एकशे वीस सेंटीमीटरच्या आत प्रवेश नाही.' मुंगी जिराफाच्या शेजारी उभी राहिली आणि चांगली वीतभर कमी पडली. त्या जिराफाला मिठी मारावी असं मला वाटलं. सुटकेच्या त्या आनंदात मी फार उदार झालो. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालो, "अजून थोडी कमी आहेस गं. पुढच्या वर्षी बघू. उंची भरली की आपण दोघं पहिल्या डब्यात बसू. प्रॉमिस!"

पुढच्या वर्षीही ती चार बोटं कमी भरली आणि मी तेच वाक्य त्याच चालीवर म्हटलं. पण मुंगीनं ते मनावर घेतलं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला ती स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. मी तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीनं रेघ मारायचो. (कबूल करतो, पुस्तक मी जरा दाबून धरायचो. तिचे केस फुगीर आहेत, ते दाबायलाच लागतात.) मागच्या महिन्यात बायकोनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतः मोजलं आणि जाहीर केलं, "एकशे एकवीस!" मुंगी घरभर नाचली. मीही नाचलो. बापाला नाचावं लागतं.

रविवारची तिकिटं काढली. पार्काच्या दारात प्रत्येकाला एक कागदी कार्ड मिळालं. त्या कार्डावर म्हणे एक खास प्रवेश असतो. तो महाझेपेला वापरला, तर रांगेशिवाय आत सोडतात. नाहीतर समोरच्या लाउंजमध्ये वापरायचा, तिथे एक पेय आणि तीन छोट्या बशा मिळतात. दोन्हीपैकी एकच. महाझेपेची साधी रांग पार तळ्यापर्यंत गेली होती आणि आज नंबर लागणं शक्य नाही, असं तिथला पहारेकरीच सांगत होता. म्हणजे जे काही होतं ते त्या कार्डांवरच होतं. आमची वेळ चारची ठरली.

दोन वाजता मायलेकी पाण्याच्या घसरगुंडीकडे निघाल्या. कागदी कार्डं भिजतील म्हणून माझ्याकडे दिली.

"सांभाळा हं," बायको म्हणाली.

"अगं, मी सतरा वर्षं कागद सांभाळतोय!"

हे खरं आहे. मी बटणांच्या कारखान्यात, तपासणी विभागात कारकून आहे. एका प्रकरणाचे कागद सुटे ठेवायचे नाहीत हा आमच्याकडचा पहिला नियम. माझ्या खिशात फायलीचा लांब टॅग (कागद ओवायची दोरी) कायम असतो. तिन्ही कार्डांना भोकं पाडलेलीच होती, मी ती एका टॅगमध्ये ओवली, गाठ मारली आणि गळ्यात घातली. आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोक्यात तो विचार आला.

माझं कार्ड मी लाउंजमध्ये वापरून टाकलं तर? मग चार वाजता फक्त कपाळावर हात मारायचा: "अरेरे, माझं कार्ड चुकून खर्च झालं! जाऊ दे, तुम्ही दोघी बसा, मी खालून हात करतो." मुलीची राइड होईल, बायकोची होईल आणि मी जमिनीवर राहीन. यात कुणाचं काय बिघडतं? मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. (हे असं वाटलं की पुढे काय होतं ते मला आता पाठ आहे. तेव्हाही पाठ होतं.)

लाउंज म्हणजे एक पाणबुडी होती. आत निळा उजेड, गोल गोल खिडक्या आणि खिडक्यांत मासे पोहत होते. मासे पडद्यावरचे होते, पण पोहत होते छान. दारात कप्तानाची टोपी घातलेली एक बाई उभी होती. तिनं माझ्या गळ्यातल्या कार्डांना यंत्र लावलं. यंत्र टीं, टीं, टीं असं वाजलं. मला वाटलं पाणबुडीत असंच स्वागत होत असेल. मी मानेनं आभार मानले. टेबलही चांगलं मोठं दिलं. माझ्याकडे पाहून दिलं असणार, असं मी धरून चाललो.

आणि मग सुख सुरू झालं. गुबगुबीत खुर्ची, मंद संगीत, समोर निळंशार पेय आणि त्यावर कागदाची छोटी छत्री. इतक्या दिवसांनी कुणी माझ्याकडे काही मागत नव्हतं. एक बशी आली. बशी परातीएवढी आणि तिच्यात मध्यभागी चार इवलेसे टोस्ट, त्यांच्यावर नखाएवढं चीज. मग भाजलेले बटाटे, भरलेले मश्रूम. मग आणखी एक पेय आलं आणि आणखी तीन बशा. 'काय हे आदरातिथ्य!' मी मनात म्हटलं. कार्डावर तीन लिहितात आणि सहा देतात, याला म्हणतात मोठं मन.

आता मला एक सवय आहे. आमच्या विभागात बटणांची खोकी येतात. एकच खोकं पूर्ण तपासत बसायचं नाही. प्रत्येक खोक्यातून एक बटण काढायचं, बघायचं, खूण करायची, पुढे जायचं. सतरा वर्षं हेच केल्यावर हात आपोआप तसा चालतो. मी एक टोस्ट खाल्ला, एक बटाटा, एक मश्रूम, एक फ्लॉवरचा तुरा, एक भाजलेला बदाम, एक कुरकुरीत काहीतरी. सहा बशा, सहा नमुने. कागदी रुमालावर नोंदही केली: 'टोस्ट ठीक, मश्रूम गरम.' आता दुसरी फेरी सुरू करणार, तेवढ्यात कप्तानबाई आल्या.

"सर, बाकीचे दोघं कधी येतायत?"

"कोण बाकीचे दोघं?"

"तुमच्या कार्डांवरचे. तीन कार्डं लावलीत ना आपण? दोन मोठे, एक लहान. लहान मुलाचा ट्रे पाच मिनिटांत येतोय."

माझ्या हातातली छत्री पेयात पडली.

"तीन? मला एकच लावायचं होतं!"

"एका दोरीत तीन होती, सर. मला वाटलं एकच कुटुंब आहे."

"कुटुंब एकच आहे! तोच तर घोळ आहे! बाई, ती दोन परत करा. माझ्या मुलीनं दोन वर्षं वाट पाहिलीय हो!" माझा आवाज चिरकला. विनोद नाही, खरंच चिरकला. राइड चुकवायची होती ती मला. तिची राइड मी खाऊन टाकली होती, तीही नमुन्यादाखल.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "परत करता येतं. कार्डाच्या तिन्ही बशा जशाच्या तशा असल्या पाहिजेत, एवढंच. या तीन तुमच्या धरू आणि या तीन..." त्या थांबल्या. वाकून बघू लागल्या. "सर, तुम्ही प्रत्येक बशीतलं एकेकच का खाल्लंत?"

"सवय," मी म्हणालो.

"एकाही बशीला सोडलं नाहीत?"

"तसं केलं तर तपासणी अपुरी राहते."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी तोंड फिरवून खिडकीतले मासे पाहू लागलो. त्यातल्या एका खिडकीतला एक मासा हुबेहूब माझ्या बायकोसारखा दिसत होता. केस ओले, डोळे मोठे. शेजारी एक लहान मासा काचेला नाक लावून होता. ती एकच खिडकी खरी होती आणि ती बाहेरच्या चौकात उघडत होती.

दोघी आत आल्या. मी सगळं सांगितलं. म्हणजे टॅगपर्यंतचं सांगितलं, कपाळावर हात मारण्याची योजना गाळली.

"अहो, सहा बशा?" बायको म्हणाली. "एकट्यानं?"

"सहा बशा नाही, सहा घास!"

 मुंगी फक्त टेबलाकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ पुढे यायला लागला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मुलांचा ट्रे आला. टोस्टचं हसरं तोंड, द्राक्षांचे डोळे. कप्तानबाई एकदम म्हणाल्या, "थांबा! याला अजून कुणी हात लावलेला नाही. म्हणजे मुलीचं कार्ड परत..."

माझा हात ट्रेकडे गेला. देवाशपथ सांगतो, मी नेला नाही, तो गेला. नवीन खोकं दिसलं की तो जातो. द्राक्षापासून बोटभर अंतरावर बायकोनं फाडकन त्यावर चापट मारली.

"हात मागे! दोन्ही! पाठीमागे बांधून उभे राहा!"

मी तसा उभा राहिलो. ट्रे सुखरूप परत गेला, यंत्र एकदाच टीं वाजलं आणि मुंगीचं कार्ड जिवंत झालं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"पण ती एकटी कशी बसणार?" बायकोनं विचारलं. "आमची दोन्ही कार्डं तर यांच्या पोटात गेली."

"त्याची काळजी नको," कप्तानबाई हसून म्हणाल्या. "दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर एका मोठ्या माणसाला तसंच सोडतात. कार्ड लागत नाही."

मुंगीचा ओठ आत गेला आणि चेहरा उजळला. तिनं माझा हात पाठीमागून सोडवून घेतला. "बाबा! म्हणजे तू बसू शकतोस! पहिल्या डब्यात!"

मी कप्तानबाईंकडे पाहिलं. इतका उपयोगी नियम कुणी इतक्या आनंदात सांगतं का?

चारला पाच कमी असताना आम्ही जिराफापाशी उभे होतो. मुंगी ताठ उभी राहिली, पहारेकऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "पास!" डोक्यावरून गाडी गेली. तिच्यातली माणसं किंचाळत होती, त्यातली काही तर वयानं मोठी होती.  मुंगीचा हात माझ्या हातात होता आणि तिचा हात कोरडा होता. घाम सगळा माझा होता.

पहारेकरी मला नेहमीचे प्रश्न विचारू लागला. "हृदयाचा त्रास? पाठीचं दुखणं? आत्ताच भरपेट जेवण झालंय?"

"झालंय!" मी ओरडलो. "सहा बशा! दोन निळी पेयं! हवं तर समोर विचारा!"

आजूबाजूची रांग वळून बघायला लागली. पहारेकरी म्हणाला, "मग साहेब, नाही बसलात तर बरं." मी कपाळावर हात मारला. "अरेरे!" म्हणालो. दोन वाजल्यापासून तयार ठेवलेलं होतं ते.

मुंगीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझा हात सोडला, हलकेच, आणि म्हणाली, "आई, तू चल."

बायकोनं ओले टॉवेल माझ्या हातात दिले आणि दोघी गेल्या. पहिल्या डब्यात बसल्या. वरच्या टोकावरून मुंगीचा आवाज आला आणि तो रडण्याचा नव्हता. मी खालून हात केला. ठरलं होतं अगदी तसंच झालं होतं, पण मला काही बरं वाटेना. शेवटी लाउंजकडे वळलो, तर टेबल पुसून साफ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघणार, तेवढ्यात मुंगीनं हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी पेन्सिल आणि पुस्तक घेऊन उभी होती.

"बाबा, इथे उभा राहा. पाठ लाव. टाचा खाली."

मी उभा राहिलो. तिनं स्टूल आणलं, त्यावर चढली आणि पुस्तक माझ्या डोक्यावर आडवं धरलं. चांगलं दाबून धरलं. मग खाली उतरली, खाली वाकून चौकटीवर काहीतरी केलं आणि माझ्या पोटाला थोपटत समजुतीच्या सुरात म्हणाली, "अजून थोडा कमी आहेस रे. पुढच्या वर्षी बघू."

ती शाळेत गेल्यावर मी वाकून पाहिलं. एकशे एकवीसच्या रेघेवर तिचं नाव होतं. त्याखाली बोटभर अंतरावर एक नवी रेघ होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'बाबा'.