अण्णांचा हलका सर्व्हर

“हा कॉम्प्युटर येत्या रविवारी भंगारात जाणार,” मुलाने जाहीर केलं. अण्णांनी वर्तमानपत्रातून मानही वर न काढता सांगितलं, “मग त्याच्या आधी मला ने.”

भांडण निवडुंगांवरून होतं. गच्चीवरच्या आपल्या निवडुंगांचे फोटो लोकांनी बघावेत, अशी अण्णांची फार इच्छा. मुलगा म्हणे, वेबसाइटसाठी एखाद्या कंपनीची जागा भाड्याने घेऊ. माझी झाडं दुसऱ्याच्या दारात का ठेवू, असा अण्णांचा रोकडा सवाल होता. साइट घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच राहणार आणि मागेल त्याला ती दाखवणारा सर्व्हर नावाचा प्रोग्रॅमही तिथेच चालणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. शेवटी तह झाला. रविवारपर्यंत साइट सगळ्यांना दिसली तर कॉम्प्युटर राहील, नाहीतर जाईल.

मुलाने सुचवलेला सर्व्हर बड्या कंपन्या वापरत. तो सुरू होताच आतला पंखा बोंबलू लागला आणि कॉम्प्युटरने मान टाकली. अण्णांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता, त्यामुळे जास्त वजनाने काय होतं हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी धुंडाळून एक अगदी चिमुकला सर्व्हर बसवला. त्याने दिलेला पत्ता टाकताच पडद्यावर निवडुंग झळकले. अण्णांनी तोच पत्ता सगळ्यांना पाठवला.

मुलाचं उत्तर आलं, “अप्रतिम.” लेकीने कळवलं, डोळे भरून आले. मेहुण्यांना रंग जरा भडक वाटले. फक्त बायको शेजारच्या खोलीतून फोन घेऊन आली.

“अहो, माझ्याकडे काहीच उघडत नाही.”

“चष्मा पूस,” अण्णा म्हणाले.

तिला खोटं पाडायला त्यांनी स्वतः तिच्या फोनवर पत्ता टाकला. काही नाही. मग त्यांनी सर्व्हरच्या सूचना नीट वाचल्या. त्या पत्त्याचा अर्थ नुसता ‘हेच यंत्र’ एवढा होता. जो टाकेल, त्याला त्याचंच यंत्र. म्हणजे निवडुंग या खोलीबाहेर गेलेच नव्हते. मग लेकीचे डोळे कशाने भरले? अण्णांना आधी वाईट वाटलं आणि मग चांगलाच राग आला.

रविवारी सगळे जमले. मुलगा तह विसरून भंगारवाल्यालाच घेऊन आला.

“साइट दिसली ना तुला?” अण्णांनी शांतपणे विचारलं.

“दिसली की.”

“कुठला निवडुंग आवडला?”

“तो... हिरवा.”

लेक खिडकीबाहेर बघू लागली. मेहुणे पाणी प्यायला उठले.

“मग तह काय होता?”

आता खोटं कबूल करावं, नाहीतर कॉम्प्युटर राहू द्यावा. मुलाने भंगारवाल्याला परत पाठवलं.

सगळे गेल्यावर अण्णांनी घरातल्या घरात चालणारा खरा पत्ता शोधला, बायकोच्या फोनवर टाकला आणि तिचा चष्मा आपल्या सदऱ्याने पुसून दिला. तिने सगळे फोटो सावकाश बघितले.

“छान आहेत हो. पण तिसरा उलटा आहे.”

सगळ्या घराला पुरून उरलेल्या अण्णांनी मुकाट्याने तिसरा निवडुंग सरळ केला.