काकूंचं 'येते हं'

भाषेचं काय एवढं घेऊन बसलात, असं काकूंनी निघण्याआधी सगळ्यांना ऐकवलं होतं. मनाची भाषा जगभर एकच असते म्हणे! नवरा एवढंच म्हणाला, "मनाची असेल, पण रस्ता विचारायला तोंडाचीच लागते." काकूंनी तिकडे काणाडोळा केला. काकू कथा लिहायच्या आणि त्यांना परदेशातल्या लेखकांच्या मेळ्याचं बोलावणं आलं होतं. विषय होता, 'मी कोण?' ज्या नवऱ्याला स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय हे सांगता येत नाही, त्याच्याशी यावर काय बोलणार!

तिकडे त्यांची सोय एका घराच्या माडीवर केली होती. खाली घरमालकीण एकटीच राहायची, वयाने काकूंच्या आईएवढी. काकूंनी तिला पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं. मावशींनी काकूंचे गारठलेले पाय पाहिले, चुकचुकल्या आणि कपाटातून लोकरीचे मोजे आणून दिले. काकूंचे डोळे भरून आले. मनाची भाषा ती हीच, असं त्यांनी लगेच घरी फोन करून नवऱ्याला कळवलं.

तोंडाच्या भाषेसाठी एक दुभाषी होती. पुस्तकातून मराठी शिकलेली गुणी पोर. काकू बोलल्या की शब्दाला शब्द ठेवायची, इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. घोळ झाला तो यामुळेच.

कुठूनही निघताना काकू म्हणायच्या, "येते हं." "जाते" हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. लहानपणी एकदा तोंडातून निसटला, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. दुभाषी मात्र इमानेइतबारे सांगायची, "या येत आहेत."

मग काय, पुस्तकाच्या दुकानदाराने दुकान बंद करायचं थांबवलं. ग्रंथपाल किल्ली हातात घेऊन दारात बसला. काकू कुठल्या यायला! त्या पुढच्या ठिकाणी आणखी कुणाला तरी "येते हं" म्हणत असायच्या. बाई गोड बोलतात पण शब्दाच्या कच्च्या, अशी गावात कुजबुज सुरू झाली.

काकूंचं भाषण होतं त्या दिवशी सकाळीही त्या मावशींना "येते हं" म्हणूनच बाहेर पडल्या. मावशींनी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून घेतलं. लेखिका येणार, गोष्ट सांगणार! खुर्च्या मांडल्या, ताटं वाढली. अन्न निवलं, पुन्हा गरम केलं, पुन्हा निवलं. दुकानदार आणि ग्रंथपाल चौकशीला आले, तेव्हा कळलं की बाई त्यांच्याकडेही येणार होत्या आणि कुठेच पोचल्या नव्हत्या. नक्की हरवल्या. सगळी वरात पोलिसाला घेऊन शोधायला निघाली.

काकू तेव्हा सभागृहात व्यासपीठावर होत्या. भाषण रंगात आलं असताना पोलीस आत आला आणि त्याने दारातूनच विचारलं, "तुम्ही कोण?" दुभाषीने मराठी केलं.

"फार मूलभूत प्रश्न विचारलात," काकू म्हणाल्या आणि उत्तर द्यायला लागल्या. माणूस म्हणून कोण, बाई म्हणून कोण, लेखिका म्हणून कोण. बिचाऱ्याने टोपी काढली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

त्याच्या मागे मावशी उभ्या होत्या. स्वयंपाकघरातल्या ॲप्रनवरच कोट चढवून धावत आल्या होत्या. काकूंना धडधाकट पाहून त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला.

उलगडा झाला तेव्हा सभागृह हसून हसून लोळलं. दुभाषी लाजेने लाल झाली. मावशी हसल्या नाहीत. दुभाषीमार्फत त्या एवढंच म्हणाल्या, "मी रोज दुपारी तुमचं ताट मांडत होते."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी त्या झाकलेलं ताट बघायच्या आणि म्हातारीला भूक कमी दिसते म्हणून हळहळायच्या.

मग मेळा गेला उडत. उरलेल्या सगळ्या दुपारी काकू मावशींच्या स्वयंपाकघरात जेवल्या. मावशींना मराठी शिकायची हौस आली. काकूंनी समोर बसवून घोकून घेतलं: आमच्यात निघताना 'येते' म्हणतात, अर्थ मात्र 'जाते'. मनावर घ्यायचं नाही.

निघायच्या दिवशी मावशी बसथांब्यापर्यंत आल्या. काकूंनी तोवर मनाशी पक्कं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, मेळा असो नसो, फक्त हिच्यासाठी. मावशींचे हात धरून त्या म्हणाल्या, "मी येते. मावशी, मी खरंच येते."

"म्हणजे या वेळी पुन्हा..." दुभाषी समजावू लागली, पण मावशींनी तिला हातानेच थांबवलं. आता त्यांना मराठी कळत होतं. त्यांनी काकूंच्या गालावरून हात फिरवला आणि समजूतदारपणे हसल्या.

"हो, हो," त्या म्हणाल्या, "येते म्हणजे जाते."

उच्चार अगदी चोख होता.