घड्याळामागची मावशी आणि दहा गुण

माणसाचं निसर्गावर प्रेम असतंच. फक्त त्याला तक्ता मिळालेला नसतो. ही उणीव तीन बहिणींतल्या मधलीच्या शाळेने यंदा दूर केली. 'निसर्गाशी दैनंदिन भावनिक जवळीक' हा उपक्रम दहा गुणांचा असून (लेखी चार, तोंडी दोन, गहिवर चार) प्रत्येकीने घरातला एक सजीव निवडून त्याच्याबद्दल वाटलेली भावना रोज रकाना चारमध्ये भरायची होती. कमाल दोन ओळी.

मधलीने पाल लिहिली.

तिची चूक एवढीच की तिने खरं लिहिलं. ती पाल भिंतीवरच्या घड्याळामागे चार वर्षं राहत होती. संध्याकाळी मधली गणितं घेऊन बसली की ही दिव्यापाशी यायची आणि उत्तर चुकलं की चुकचुकायची. (बरोबर आलं तरी चुकचुकायची; पण आईचंही तसंच आहे.) मधली तिला मावशी म्हणायची.

बाईंनी तक्ता परत केला. सोबत मान्य सजीवांची यादी जोडली होती: रोपटं, फुलपाखरू, चिमणी, चंद्र. (चंद्र सजीव नाही, ही हरकत भावनिक कारणास्तव फेटाळण्यात आली.) शिवाय गृहभेट होणार होती आणि घरात 'अनुचित निसर्ग' आढळल्यास शून्य गुण.

घर कामाला लागलं. आईने कुंडीतलं रोप आणलं. घरातल्या पाचही जणांनी त्याला इतक्या मायेने पाणी घातलं की ते आठवड्यात कुजलं. मग बाबांनी प्लॅस्टिकचं आणलं. त्याची माया सोसायची ताकद जास्त होती. राहता राहिली मावशी. आईने झाडू मधलीच्या हातात दिला.

"गुण तुझे, तूच हाकल."

मधलीने घड्याळ उचललं. मावशी हलली नाही. ओळखीच्या माणसाला कोण घाबरतं? मधलीने डोळे मिटून झाडू मारला. मावशी खिडकीतून गेली, शेपूट मात्र जमिनीवर वळवळत राहिलं. ते थांबेपर्यंत मधली बघत बसली. त्या दिवशी रकाना चार कोराच राहिला. दोन ओळींत मावत नव्हतं.

गृहभेटीला आलेल्या तपासनीस बाईंनी प्लॅस्टिकच्या पानांवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "किती टवटवीत गं. जीव लावलायस." कोऱ्या रकान्यापुढे त्यांनी 'शब्दांपलीकडची जवळीक' असा शेरा मारला. दहापैकी दहा.

आता मधली खिडकी उघडी ठेवून गणितं सोडवते. शेपूट पुन्हा फुटतं, असं विज्ञानाच्या पुस्तकात दिलंय. मावशी पुन्हा येते का, हे अभ्यासक्रमात नाही.

तरी सर्व वाचकांना विनंती. आखूड शेपटीची पाल आपल्या दिव्यापाशी दिसल्यास झाडू शोधू नये. एखादं गणित चुकवून बघावं. आणि वर पहिल्यांदा 'पाल' वाचलंत तेव्हा काय वाटलं, ते रकाना चारमध्ये लिहावं. 'ईऽऽ' लिहिलं तरी चालेल. सगळ्यांनी तेच लिहिलंय, आणि सगळ्यांना दहापैकी दहा आहेत.