रिलीव्हर आल्याशिवाय

देवरावांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते रोज दुपारी हिंदी मुलखातल्या रिसाली कॉलनीच्या सलूनमध्ये जाऊन बसत. बायको कांता गेल्यापासून घरात मराठी ऐकायला फक्त भिंती होत्या. मुलगा बंगळुरूला, त्याचा फोनही हिंदीत. सलूनचा कारागीर गुलाब मात्र भंडाऱ्याकडचा. दुपारी खुर्च्या रिकाम्या असत आणि गुलाबचं तोंड वस्तऱ्यापेक्षा जोरात चाले. तेवढ्या गप्पांवर देवरावांचा दिवस निभायचा.

एक दिवस गुलाब पडल्या आवाजात म्हणाला, "काका, रोशन मालक दुपारची ड्यूटी बंद करून राहिला. सकाळ-संध्याकाळच ये म्हणते."

देवराव खुर्चीत सरळ झाले. सकाळ-संध्याकाळ तिथे पाय ठेवायला जागा नसे. मग बोलायचं कधी?

"कावून बंद करते? गिऱ्हाईकच पायजे न त्याले? मी आणतो!"

देवरावांनी इथल्या पोलाद प्लांटमध्ये जन्मभर माणसांच्या शिफ्ट लावल्या होत्या. त्यांनी जुन्या सोबत्यांना फोन फिरवले आणि एकेकाला दाढीची वेळ वाटून दिली. एका वेळी एकच माणूस, म्हणजे दुकानही चालू, गप्पाही चालू.

फक्त एक गोष्ट ते विसरले. प्लांटचा माणूस रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडत नाही. दाढी झाली तरी पहिल्या वेळेचे दयाराम बाकावर ठाण मांडून बसले. "रिलीवर आए बिना कैसे उठूँ, देवराव?" पुढचे भय्याजी आले ते जावयालाच रिलीव्हर म्हणून घेऊन, कारण रिलीव्हर दांडी मारेल ही त्यांची जुनी धास्ती. बाकावर हिंदीत पेन्शनची चर्चा रंगली. सोबत मिळते म्हटल्यावर कॉलनीतले सगळे रिटायर्ड सकाळ सोडून दुपारी लोटले.

रोशनने देवरावांचे हातच धरले. "काका, आपने तो दुकान चला दी! दोपहर में दो तेज लड़के रख लिए. गुलाब बातों में धीमा पड़ता है, उसे सुबह डाल दिया."

कानात वायर खुपसलेल्या पोराने एक अक्षर न बोलता देवरावांची दाढी उरकली. घरी येऊन ते कांताच्या फोटोसमोर बसले. "सगळ्यायची ड्यूटी लावली वो मी. अन् माह्यीच सुट्टी झाली." त्यांना फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"काका, गुलाब बोलतो. सकाळी इथं आता कुत्रं फिरकत नाही. बसून बसून जीव कंटाळला. येता काय?"

"अबे, कालच त दाढी केली."

"दाढीले कोण बोलावून राहिलं?"

देवरावांचा एक पाय चपलेत गेलासुद्धा. "आलोच," ते हळूच म्हणाले, "पण दयारामले सांगू नको."