आर्नल्डचं नाक आणि सहा बाटल्या

"डोळ्यांवर पट्टी बांधा, हवं तर पोत्यात घाला. पेल्यात कुठली एल, कुठली बिअर आहे ते मी नुसत्या वासावरून सांगतो."

आर्नल्ड टनिक्लिफ चर्चच्या जत्रेच्या समितीसमोर हे बोलला, तेव्हा त्यात बढाई फारशी नव्हती. बर्टन गावातल्या एका ब्रूअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, एकतीस वर्षं पिंपांत नाक घालून त्यानं पगार घेतला होता. त्याच्या त्या नाकाला गावात मान होता. काही जण आधी नाकाची चौकशी करत आणि मग आर्नल्डची.

जत्रेत बिअरचा तंबू असतो आणि तिथल्या सर्वोत्तम पिंपाला निळी फीत लावली जाते. यंदा फीत लावणाऱ्याची जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी दोघे उभे राहिले: आर्नल्ड आणि त्याचा साडू रॉय. रॉयनं जन्मभर सतरंज्या विकल्या होत्या. समितीच्या अध्यक्ष मिसेस बॅग्नल स्वतः शेरी वाइनच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या, पण न्यायाला पक्क्या. त्यांनी ठरवलं, रविवारी जेवणानंतर आर्नल्डच्या घरी परीक्षा घ्यायची. शुक्रवारीच त्या सहा बाटल्या आणि सहा नावांची यादी देऊन गेल्या.

अडचण एवढीच होती, की अकरा दिवसांपूर्वी आर्नल्डला सर्दी झाली होती. सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. सकाळी ब्रूअरीत बार्लीचा माल्ट शिजायला लागला की सगळ्या बर्टनवर ओल्या बिस्किटांचा वास पसरतो. आर्नल्ड अकरा सकाळी न्हाणीघराची खिडकी उघडून उभा राहिला. काही नाही. एनिडला, म्हणजे बायकोला, त्यानं हे सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं झालं असतं. शिवाय फीत गेली तर गेली, पण नाक नसलेला आर्नल्ड म्हणजे नक्की कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

तेव्हा त्यानं डोकं वापरलं. अशा बाटल्यांच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. तो खाली बसावा म्हणून बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या ठेवायच्या आणि मुळीच हलवायच्या नाहीत, हे बर्टनमध्ये सगळ्यांना ठाऊक. आर्नल्डनं शनिवारी त्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडल्या. डावीकडे सगळ्यात फिकी मेडोलार्क, मग एकेक पायरी गडद होत उजव्या टोकाला कोळशासारखी काळी ॲशपिट पोर्टर. हा क्रम त्यानं पाठ केला. ओतणारा डावीकडून सुरू करणार, दुसरं काय करणार?

रविवारी रॉय आणि त्याची बायको म्युरिअल, एनिडची बहीण, तासभर आधीच आले.

"एनिड, मी काही मदत करू?" म्युरिअलनं विचारलं.

"तू नुसती बस गं. फार तर काटेचमचे पूस."

म्युरिअल स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही.

जेवण झाल्यावर मिसेस बॅग्नलनी नियम सांगितले. "मिसेस टनिक्लिफ, नवऱ्याला तुम्ही ओतून द्यायचं नाही. तुमच्या बहिणीनं ओतायचं. मिस्टर रॉय, तुम्ही तोवर बागेत घेवडा बघा."

"मागच्या आठवड्यातच बघितला," रॉय म्हणाला.

"मग मोजा."

आर्नल्डच्या डोळ्यांवर भांडी पुसायचं फडकं बांधलं. म्युरिअलनं पहिला पेला आणून हातात दिला. बाटली एका दमात, तळाचं बोटभर सोडून ओतलेली. त्यात ती चुकणारी नव्हती. आर्नल्डनं पेला फिरवला, डोकं मागं टाकलं, घोट घेतला. जीभ काहीतरी कुरकुरली. त्यानं तिला गप्प केलं.

"मेडोलार्क," तो म्हणाला. "मिसेस बॅग्नल, हा रंग मला फडक्यातूनही दिसतोय. कापणीच्या आधीच्या बार्लीचा. वासात कापलेलं गवत, लिंबाची साल आणि मागून अगदी हळू येणारी क्लोव्हरची फुलं."

खोलीत शांतता पसरली. मिसेस बॅग्नलनी पेल्याकडे बघितलं. आतली काळी पोर्टर खिडकीचा उजेड गिळून बसली होती.

"क्लोव्हर?" त्यांनी विचारलं.

"पांढरं क्लोव्हर."

शांततेचा अर्थ आर्नल्डनं कौतुक असा घेतला आणि त्याला चेव चढला. दुसऱ्या पेल्यात त्याला मध सापडला, तिसऱ्यात जळका पाव, चौथ्यात बर्टनच्या पाण्याचा गंधकी, पेटत्या काडीसारखा वास, पाचव्यात मनुका. सहावा पेला सोनेरी होता, पेल्यापलीकडचं घड्याळ वाचता येईल इतका स्वच्छ. त्यात आर्नल्डला कॉफी, काकवी, जुन्या खोगिराचं चामडं आणि डिसेंबरातली विझती शेगडी एवढं सगळं लागलं.

"ॲशपिट पोर्टर," असं म्हणून त्यानं फडकं सोडलं आणि हातातल्या पेल्याकडे बघितलं.

"सहापैकी शून्य," मिसेस बॅग्नल म्हणाल्या.

"असं कसं होईल?" आर्नल्ड उसळून म्हणाला. "मी स्वतः फिक्यापासून गडदपर्यंत लावल्या होत्या!"

हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. इतरांना आधीच आलं होतं.

"म्हणजे तशा लावलेल्या होत्या होय?" म्युरिअल म्हणाली. "मला वाटलं, कशाही ठेवल्यात. मी आद्याक्षरांप्रमाणे लावल्या. झोपलेलं मूल उचलावं तशा उचलल्या हो, गाळ जराही हलला नाही." म्युरिअल चौतीस वर्षं गावच्या ग्रंथालयात होती. चार वस्तू एका रांगेत दिसल्या की तिचे हात आपोआप चालायचे.

"आर्नल्ड," एनिड म्हणाली, "क्रम कशाला लागला तुला?"

आर्नल्डनं फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला वास येत नाही. अकरा दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"उद्या नेणारच आहे." मग एनिडला आठवलं. "आणि मघाशी ग्रेव्ही अप्रतिम झालीये म्हणालास ते?"

"ते सवयीनं."

म्युरिअल खिडकीबाहेर बघू लागली. एनिडनं खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी, नेहमीपेक्षा जरा जवळ, बसली.

रॉयला बागेतून बोलावलं. त्यानं डोळे बांधून सहा घोट घेतले, दोन बरोबर सांगितल्या आणि उरलेल्या चारांबद्दल "ही काय ते कळत नाही, पण छान आहे" एवढंच म्हणाला. मिसेस बॅग्नलनी वही मिटली.

"फीत मिस्टर रॉय लावतील. खरं बोलणारा माणूस बरा." त्या आर्नल्डकडे वळल्या. "तुम्हाला पिंपांवरची कार्डं लिहायची आहेत. चवीचं वर्णन."

"पण मला वास येत नाही, बाई."

"लोक तंबूत कार्डं वाचून पेला मागतात. मी आजवर शेरी सोडून काही प्यायले नाही, पण मघाशी तुमचं ते खोगीर ऐकून मला घोटभर घ्यावंसं वाटलं."

आर्नल्डनं टेबलावरचा सोनेरी पेला बाजूला सारला. चेहरा पडलेलाच होता.

"कार्ड केवढं असतं?" त्यानं विचारलं.

"पोस्टकार्डाएवढं."

"दोन्ही बाजूंनी लिहिलं तर चालेल?"